केमोनंतरचे एकवीस दिवस: घरच्यांनी काय पाहायचं, काय करायचं

केमोथेरपीचा डोस दवाखान्यात तीन-चार तासांत होतो, फार तर दिवसभर लागतो. पुढचे वीस दिवस पेशंट घरी असतो. त्रास घरी होतो, तो ओळखावा लागतो घरच्यांना, आणि डॉक्टरांना रात्रीच फोन करायचा की सकाळपर्यंत थांबायचं हेही त्यांनाच ठरवावं लागतं. दवाखान्याच्या कार्डावर मात्र बहुतेक वेळा 'ताप आल्यास त्वरित संपर्क' एवढीच ओळ असते. त्या ओळीमागचं कारण कुणी नीट समजावून सांगितलं, तर घरातलं माणूस ती कधीच विसरणार नाही.

केमोची बरीचशी औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात. कॅन्सरच्या पेशी तशा असतातच, पण तोंडाचं आणि आतड्याचं अस्तर, केसांची मुळं आणि हाडांच्या मगजात तयार होणारं रक्त, हेही सगळं भराभर वाढणारंच. म्हणून मळमळ, तोंड येणं, जुलाब, केस जाणं, रक्तातल्या पेशी घटणं हे त्रास होतात. हे त्रास एकदम येत नाहीत, प्रत्येकाची आपली वेळ ठरलेली असते. मगजाला सावरायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून अनेक केमो २१ दिवसांनी असतात. काही दर आठवड्याला, तर काही १४ दिवसांनी असतात. तुमची कोणती, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर डोसाच्या तारखेला '१' लिहा आणि तिथून पुढे दिवस मोजत जा. 'आज कितवा दिवस' हे घरात सगळ्यांना ठाऊक असलं की निम्मा गोंधळ कमी होतो.

पहिले चार-पाच दिवस

हे दिवस मळमळीचे. उलटीच्या गोळ्या उलटी झाल्यावर घ्यायच्या नसतात, ती होऊ नये म्हणून घ्यायच्या असतात. लिहून दिलेल्या वेळेला, बरं वाटत असलं तरी घ्यायच्या. काही औषधांची मळमळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त होते. पहिला दिवस बरा गेला म्हणून गोळ्या बंद करणारे नेमके तिथेच फसतात. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली किंवा उलटीत गोळी दिसली, तर दवाखान्यात विचारून ती पुन्हा घ्यावी. चोवीस तास पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल तर सलाईन लागतं. वाट पाहू नका.

सोबत डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडची गोळी असेल तर ती सकाळी, नाश्ता झाल्यावर द्या. संध्याकाळी दिली तर रात्रभर झोप लागत नाही. मधुमेह असलेल्यांची साखर या दिवसांत चांगलीच वर जाते, म्हणून ती रोज तपासा आणि आकडा जास्त आला तर डॉक्टरांना कळवा. उलटीच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, हेही पुष्कळांना माहीत नसतं. तीन दिवस शौचाला झालं नाही तर सांगा. रक्तातल्या पेशी कमी असण्याच्या काळात एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची औषधं मनाने वापरू नका, तिथे जखम होऊन जंतू रक्तात शिरतात.

पहिले ४८ तास लघवी, शौच, उलटी यांतून औषधाचे अंश बाहेर पडत असतात. साफसफाई करताना हातमोजे घाला, संडासात नेहमीपेक्षा दुप्पट पाणी ओता, खराब झालेले कपडे वेगळे धुवा. घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिला देऊ नका. याचा अर्थ पेशंटजवळ जायचं नाही असा मात्र नाही. कॅन्सर शिवल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. ताट-वाटी वेगळी काढून ठेवण्याने पेशंटचं मन मोडतं आणि फायदा कुणालाच होत नाही. नातवंडांना मांडीवर घेऊ द्या, फक्त त्यांना सर्दी-खोकला नसावा.

सातवा ते चौदावा दिवस: ताप

पेशंट आता उठून बसतो, जेवायला लागतो, घरच्यांना वाटतं संकट टळलं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र याच दिवसांत तळाला गेलेल्या असतात. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी पहिला सामना करतात. रिपोर्टवर 'ए.एन.सी.' म्हणून जो आकडा असतो तो त्यांचाच. तो १००० च्या खाली गेला तर जपावं लागतं, ५०० च्या खाली गेला तर धोका मोठा.

गळू झालं की ते लाल होतं, सुजतं, त्यात पू होतो. पू म्हणजे जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशीच. त्या पेशीच नसल्या तर पू होत नाही, सूज येत नाही, न्यूमोनियातही खोकला फारसा नसू शकतो. आत जंतू पसरत असतात आणि बाहेर दिसतो तो फक्त ताप. म्हणून हा ताप साधा समजायचा नाही. अँटिबायोटिक शिरेतून शक्यतो दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात सुरू व्हावं लागतं. काही तासांच्या उशिराने रक्तदाब कोसळून जीव गेल्याची उदाहरणं आहेत.

तोंडात मोजलेला ताप १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, किंवा जास्त भरला की निघायचं. आधी पॅरासिटामॉल द्यायचं नाही, कारण ताप उतरतो आणि जंतू तिथेच राहतात. थंडी वाजून अंग थडथडणं, चक्कर, दम लागणं, असंबद्ध बोलणं, यांपैकी काही झालं तर ताप नसला तरी निघा. स्टिरॉइड चालू असणाऱ्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना कधीकधी ताप येतच नाही.

हात लावून ताप ठरवू नका. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या घरात संध्याकाळी सगळ्यांचंच अंग तापलेलं लागतं. डिजिटल थर्मामीटर घ्या, तो महाग नसतो. उन्हातून आल्यावर, चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर अर्धा तास थांबा. मग टोक जिभेखाली, मधोमध नाही तर एका बाजूला ठेवून ओठ मिटायला सांगा आणि बीप वाजेपर्यंत थांबा. तोंड आलं असेल तर काखेत मोजा, पण काख आधी कोरडी पुसून घ्या. काखेतला आकडा तोंडापेक्षा कमी येतो, म्हणून तिथे ९९.५ च्या पुढे गेला तरी दवाखान्यात फोन करा. सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहा.

कुठे जायचं हे ताप येण्याआधी ठरलेलं हवं. उपचार मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये चालू असले, तरी ताप अंगात घेऊन रात्रीच्या गाडीने साडेचारशे किलोमीटर जाऊ नका. आधी सोलापुरात, नाहीतर बार्शीत दाखल व्हा, अँटिबायोटिक सुरू होऊ द्या आणि मग मुंबईला फोन करून कळवा. करमाळा, मंगळवेढा, अक्कलकोटच्या खेड्यांत राहणाऱ्यांनी रात्री दोनला कुणाची गाडी मिळेल हे आधीच बोलून ठेवावं. १०८ चा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ असावा. दवाखान्यात पोचल्यावर ओपीडीच्या रांगेत बसू नका. तातडीच्या विभागात जाऊन एका दमात सांगा: "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, आज दहावा दिवस, ताप १०१ आहे." ही चार वाक्यं फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली, तर घाबरलेलं माणूसही वाचून दाखवू शकतं.

पेशी वाढवण्याचं इंजेक्शन लिहून दिलं असेल तर ते केमो संपल्यावर किमान २४ तासांनी घ्यायचं, त्याच दिवशी नाही. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. दुकानातून आणताना थर्मासमध्ये किंवा बर्फाच्या डब्यात आणा, पण बर्फ थेट लागू देऊ नका. घरी फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. दारात गरम होतं, फ्रीझरमध्ये गोठून वाया जातं. ते घेतल्यावर कंबर-पाठीची हाडं दुखतात, ही मगज कामाला लागल्याची खूण आहे. दुखण्यावर गोळी घेण्याआधी मात्र ताप मोजा.

पाणी आणि तोंड

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ते चार-चार दिवस साठवावं लागतं. साठवलेल्या पाण्यापेक्षा त्यात बुडणारा हात जास्त घातक. पेशंटचं पाणी वेगळं ठेवा. पाणी खळखळून उकळलं की आणखी एक मिनिट उकळू द्या, झाकून निववा आणि चोवीस तासांत संपवा. काढायला लांब दांड्याचं ओगराळं घ्या, नाहीतर तोटीचं भांडं वापरा. पेला आत बुडवू नका. रसवंतीचा रस, बर्फाचा गोळा, गाड्यावरची कापलेली फळं या काळात बंद. डाळिंब आपल्याकडचं, ते जरूर द्या, पण साल धुऊन, घरी सोलून. सोलून ठेवलेले दाणे विकत आणू नका.

तोंड साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी येतं आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस भरायला लागतं. यावर सगळ्यात चांगला उपाय स्वस्त आहे. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक लहान चमचा मीठ आणि एक लहान चमचा खाण्याचा सोडा घाला. दिवसातून पाच-सहा वेळा, जेवल्यावर आणि झोपण्यापूर्वी तर नक्कीच, गुळण्या करून थुंका. पाणी रोज ताजं करा. बाजारातली झोंबणारी माउथवॉश नकोत, त्यांतल्या स्पिरिटने जखम आणखी कोरडी पडते. ब्रश मऊ घ्या. मिश्री आणि तंबाखू पूर्ण बंद. पाणी गिळवेना किंवा तोंडात दह्यासारखे पांढरे डाग दिसले तर ती बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं.

या दिवसांत शेंगाची चटणी आणि कडक भाकरी समोर ठेवली तर पेशंट दोन घासांत उठतो, आणि घरचे म्हणतात "खातच नाहीत". चव तीच राहू द्या, रूप बदला. ज्वारीची भाकरी कुस्करून वरणात किंवा दुधात पंधरा मिनिटं भिजू द्या. शेंगदाण्याचं कूट तिखट न घालता आमटीत, खिरीत, ताकात कालवा. शेंगदाणे ताजे भाजलेले असावेत. खवट, काळपट, सुरकुतलेले दाणे फेकून द्या, त्यांत बुरशीचं विष असू शकतं. दही-ताक घरी तापवलेल्या दुधाचं आणि ताजं असावं. पेशी फार कमी असताना ते चालेल का, हे डॉक्टरांना विचारा.

किती खायला हवं? प्रथिनं वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम लागतात. पन्नास किलोच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम. दोन पेले दुधातून साधारण १३, दोन उकडलेल्या अंड्यांतून १२, दोन वाट्या घट्ट वरणातून १४, मूठभर कुटातून ७, दोन भाकऱ्यांतून १०, असे ५६ होतात. अंडं चालत नसेल तर पन्नास ग्रॅम पनीरमधून ९ मिळतात. हे एका बैठकीत कुणालाच जमणार नाही. दर दोन तासांनी वाटीभर द्या. 'साखर कॅन्सरला पोसते', 'दूध बंद करा' असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या नादाने वजन घटलं तर पुढचा डोस सोसत नाही.

काढे, गुळवेल, ताकदीच्या पावडरी मनाने देऊ नका. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत, आणि केमोची कितीतरी औषधं यकृतच पचवतं. काही चालू असेल तर न लाजता डॉक्टरांना सांगा.

हात, पाय आणि माठ

याविषयी फार कमी बोललं जातं. ऑक्झालिप्लॅटिन हे औषध, जे आतड्याच्या आणि जठराच्या कॅन्सरमध्ये देतात, ते घेतल्यावर सुरुवातीचे पाच-सहा दिवस थंडाची विलक्षण बाधा होते. गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळल्यासारखा होतो, गार भांड्याला हात लावला की मुंग्या येतात. फ्रिज तर दूरच, माठातलं पाणीसुद्धा नको. उन्हाळा असला तरी पाणी साधं किंवा कोमट द्या. फ्रिजमधली वस्तू काढायला पेशंटला सांगू नका.

पॅक्लिटॅक्सेलसारख्या औषधांनी हळूहळू बोटं बधिर होतात. तव्याचा चटका उशिरा कळतो, ब्लाउजची हुकं लागत नाहीत, पायात काटा रुतलेला समजत नाही. दुपारी गच्चीवर किंवा अंगणातल्या फरशीवर अनवाणी चालू देऊ नका. रोज रात्री तळपाय पाहा. बधिरपणा वाढत असेल तर ते डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे, डोस कमी करून पुढचं नुकसान थांबवता येतं. "तेवढं सोसायचं" म्हणून गप्प बसणाऱ्या बायकांची बोटं पुढे वर्षानुवर्षं बधिर राहतात.

कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरीच घ्यायच्या असतात: सहसा १४ दिवस घेऊन ७ दिवस सुट्टी, सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने, जेवल्यावर अर्ध्या तासाच्या आत. राहिलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घ्यायची नाही. याने तळहात-तळपाय लाल होऊन जळजळतात, पुढे साल सुटते. घर्षण आणि उष्णता यांनी ते वाढतं, म्हणजे भाकरी थापणं, तव्यावर परतणं, कपडे घासणं, विड्या वळणं ही कामं दुसऱ्याने करायची. सोलापुरात हजारो बायांच्या हाताला विड्यांचं काम आहे, त्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं. तळहातांना दिवसातून तीन-चार वेळा साधं व्हॅसलीन किंवा युरियाचं मलम लावा. वेदनेने वस्तू धरता येईना झाली की गोळ्या थांबवा आणि त्याच दिवशी फोन करा. दिवसाला नेहमीपेक्षा चार वेळा जास्त जुलाब झाले तरी तेच. ओआरएस लगेच सुरू करा.

भेटायला येणारे

आजारी माणसाला भेटायला जाणं हा आपल्याकडे नात्याचा भाग आहे. ते तोडू नका, दिवस बदला. सातव्या ते चौदाव्या दिवसात नको, त्यानंतर या, असं घरातल्या एकाच माणसाने सगळ्यांना कळवावं. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा, आषाढीला पंढरपूर, लग्नसराई, यांच्या तारखा आधीच कॅलेंडरवर मांडा. पेशी तळाला असतील तेव्हा गर्दीत जायचं नाही, हे पेशंटला पहिल्या डोसालाच सांगितलं तर ऐनवेळी वाद होत नाही.

भेटणाऱ्याने "कशाने झालं हो?" हा प्रश्न विचारू नये. त्याचं उत्तर पेशंट रोज रात्री स्वतःलाच विचारत असतो. "काही लागलं तर सांगा" म्हणूनही काही होत नाही, कारण कुणी सांगत नाही. "वहिनी, मंगळवारी केमोला भाऊंबरोबर मी बसतो, तुम्ही घरी झोपा" असं नेमकं सांगा. डबा पाठवायचा तर तिखट किती चालेल ते आधी विचारा.

पेशंटला आजाराचं नाव सांगायचं नाही, असं अनेक घरांत ठरतं. हेतू प्रेमाचाच असतो. पण केस गळतात, वॉर्डात सगळे तसलेच पेशंट असतात, पाटीवर 'कर्करोग' लिहिलेलं असतं. त्यांना कळलेलं असतं, फक्त बोलायला कुणी उरत नाही. "तुम्हाला किती माहिती हवी आहे?" असं आधी त्यांनाच विचारा आणि तेवढंच खरं सांगा. दुखण्यासाठी मॉर्फिन दिलं तर व्यसन लागेल म्हणून लपवू नका. ते सांगितलेल्या वेळेवर द्या, सोबत पोट साफ होण्याचं औषधही सुरू ठेवा.

सांभाळणाऱ्या माणसाच्या रक्तदाबाच्या गोळ्या याच काळात चुकतात. त्या पेशंटच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवा. आठवड्यातून किमान दोन रात्री दुसऱ्या कुणीतरी पेशंटजवळ झोपावं.

पैसा, प्रवास आणि पुढे गेलेली तारीख

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात आणि त्यात केमो, रेडिएशन, शस्त्रक्रिया येतात. योजनेच्या यादीतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचा मदतनीस, बसतो, उपचार सुरू होण्याआधी रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याच्याकडे जा. आधी पैसे भरून मग योजना मागितली तर फार अडचण होते. विडी कामगारांचं ओळखपत्र असेल तर तेही दाखवून कामगार कल्याणाची वेगळी मदत विचारा. रेल्वेत रुग्णालयाच्या सवलतीच्या फॉर्मवर पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीत भाडं पूर्ण माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. हे तिकीट स्टेशनच्या खिडकीवर काढा.

प्रत्येक डोसासाठी मुंबई गाठायलाच हवी असंही नाही. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आहे, आणि देशातली खेड्यांमधली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ साली तिथेच सुरू झाली. मोठ्या रुग्णालयाने आखलेला केमोचा आराखडा अनेकदा जिल्ह्यातच पूर्ण करता येतो. "हा कोर्स आम्ही घराजवळ घेतला तर चालेल का, लिहून द्याल का?" असं विचारायला संकोचू नका.

डोसाच्या आदल्या दिवशी रक्त तपासतात. ए.एन.सी. साधारण १००० ते १५०० च्या वर आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एक लाखाच्या आसपास असल्या की डोस देतात. कमी असल्या तर आठवडा पुढे ढकलतात. यावर घरात रडारड होते, कुणी पपईच्या पानांचा रस आणतं, कुणी बीट. पांढऱ्या पेशी रसाने वाढत नाहीत, त्या दिवसांनीच वाढतात. डोस एकदा पुढे जाणं नेहमीचं आहे, त्यामुळे उपचार फसत नाही. दवाखान्यातून निघताना फेरतपासणीची तारीख फाईलवर लिहून घ्या, रजा आणि तिकीट त्याप्रमाणे बदला, आणि मधल्या दिवसांतही थर्मामीटर उशाशी राहू द्या.